रेघ सोपानची, चूक माझी

सोपाना, मशीन चाललं रे! काल दुपारी, कऱ्हाटीच्या शेडमध्ये, सगळ्या गटादेखत चाललं. पट्ट्यावरून डाळिंबं पुढे सरकत होती आणि वरच्या पडद्यावर एकेका फळाभोवती हिरवी रेघ उमटत होती. इतकी अचूक, की मला दोनदा चष्मा पुसावा लागला. तुला कळवायला मी खिशातून फोन काढला, तुझं नाव शोधलं, आणि मग आठवलं.

तुला जाऊन तीन आठवडे झाले. फोन लागणार नाही, म्हणून लिहितो आहे. पण नुसती आनंदाची बातमी असती तर दोन ओळींत भागलं असतं. या मशीनच्या पायी तुझ्यावर एक ठपका आला होता आणि तो मी येऊ दिला होता. तो मला माझ्या हाताने पुसायचा आहे. म्हणून बोलतो तुझ्याशी, पण आपल्याला ओळखणाऱ्या सगळ्यांनी ऐकावं असं उघड्यावर बोलतो.

माझा भवानीनगरला फोटो स्टुडिओ आणि तुझं बारामतीत पाट्या रंगवायचं दुकान. तुझ्या पाट्यांचे फोटो मी काढायचे, माझ्या स्टुडिओची पाटी तू रंगवायचीस, आणि दोघांनी आयुष्यभर भांडायचं. तुला बारामतीच्या स्टँडवरचा तो खेळ आठवत असेल. चहाच्या गाड्यापाशी उभं राहून एकाने डोळे मिटायचे, दुसऱ्याने त्याची मान धरून कुठल्याही दिशेला वळवायची. ‘उघड’ म्हटलं की उघडायचे, ‘मीट’ म्हटलं की लगेच मिटायचे. मग सांगायचं, पहिलं काय दिसलं. एवढी माणसं, एवढ्या गाड्या, पेट्या, पिशव्या, आणि नजर आधी कुठल्या तरी एकाच गोष्टीवर जाऊन बसायची. मला दिसायची पिवळी पिशवी, कारण तिच्यामागे काळपट भिंत असायची. तुला दिसायचं बाकड्याखाली झोपलेलं कुत्रं.

“कड दिसती मला,” तू म्हणायचास. “कड हाय म्हणून वस्तू हाय.”

“मागं काय हाय त्यावर दिसतं सगळं,” एकदा मी म्हणालो. “काळ्या भितीपुढं काळी म्हस उभी कर, मग दाव तुझी कड.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टुडिओ उघडायला गेलो, तर बाजूच्या डांबर फासलेल्या भिंतीवर म्हैस उभी! अंग भिंतीचंच, काळंकुट्ट. तू फक्त एक पांढरी रेघ ओढली होतीस, शिंगापासून शेपटीपर्यंत, कुठेही न उचलता. ऊस घेऊन कारखान्याकडे निघालेले ट्रॅक्टरवाले थांबून थांबून बघायचे. गिऱ्हाइकं फोटो काढायच्या आधी म्हशीची चौकशी करायची. मी चिडून महिनाभर तुझ्याशी बोललो नाही. ती म्हैस सुंदर होती, सोपाना. हे तेव्हा सांगायचं राहिलं.

मग आपण म्हातारे झालो. फोनमध्ये कॅमेरा आला आणि माझा स्टुडिओ बंद पडला, छापील फ्लेक्स आला आणि तुझा ब्रश. मी कऱ्हाटीला माझ्या डाळिंबाच्या बागेत परतलो, तू जळोचीला घरी बसलास. आणि अशा रिकाम्या दिवसांत ऋतुजाने आपल्याला बोलावलं. तुमच्या जळोचीचीच लेक, कॉम्प्युटरचं शिकून मोठ्या नोकरीतून परत आलेली, पदरी एक लहान मुलगी. आमच्या डाळिंब गटाने फळं निवडायचं मशीन घ्यायचं ठरवलं आणि त्याला ‘बघायला शिकवण्याचं’ काम तिच्याकडे दिलं.

तो पहिला दिवस! मी तरी असा दिवस साठी उलटल्यावर पाहिला नव्हता. तिने पडद्यावर डाळिंबाचा फोटो घेतला आणि मोठा करत गेली. फळ फुटून त्याचे चौकोनी ठिपके झाले, आणि ठिपक्यांच्या जागी नुसते आकडे.

“तात्या, मशीनला फळ दिसत नाही. हे एवढंच दिसतं,” ती मला म्हणाली.

आकडेच आकडे. त्यात फळ कुठे संपतं आणि मागचा कागद कुठे सुरू होतो, हे कुणालाच सांगता आलं नसतं. तान्हं मूल आईचा चेहरा भिंतीतून वेगळा काढतं. मशीनला आई आणि भिंत सारखीच. त्याला हजारो वेळा दाखवावं लागतं, ही आई, ही भिंत. आधी चित्रातली मुख्य वस्तू कुठली ते शोधायचं, बाकीचं सोडून द्यायचं, आणि मग ती वस्तू काय आहे, चांगली की डागाळलेली, ते ओळखायचं.

“म्हंजी पोरगी बघाय गेल्यावानी,” तू म्हणालास. “खोलीत धा बायका. आधी पोरगी कंची ते कळू दे, मग नाव इचारा.”

“आबा, अगदी तसंच,” म्हणत ऋतुजा हसत सुटली.

मग तिने एक जुनं चित्र दाखवलं, दुसऱ्या कुणी तरी तयार केलेलं. मधलं फळ पांढरं शुभ्र आणि बाकी सगळं काळं. मशीनला हे असं शिकवायचं. मी ओरडलो, “ही तर निगेटिव्ह!” आणि त्याच क्षणी तू ओरडलास, “ही स्टेन्सिल हाय!” आपण एकमेकांकडे पाहिलं. स्टँडवरचं भांडण एका मशीनपुढे येऊन ठेपलं होतं. नजर कशावर पडते, हे आपण चहाच्या कपावर बोलत होतो. इथे ते शिकवायचं होतं. मला रात्रभर झोप आली नाही म्हणून मी सकाळी तुला फोन केला, तर वहिनी म्हणाल्या, “ह्ये पाचलाच उठून बसल्यात, दाढी बी करून.”

फोटो मी काढायचे आणि फळाभोवतीची रेघ तू मारायचीस. काचेच्या पाटीवर, तिने दिलेल्या पेनने. तुझा हात तेव्हा थरथरायला लागला होता, ते आपल्याला दोघांनाही ठाऊक होतं. कप बशीत वाजायचा. पण तू पाट्या रंगवताना हाताखाली धरायची ती तुझी काठी घेऊन आलास, टोकाला चिंधी गुंडाळलेली, आणि मनगट तिच्यावर टेकवलंस की थरथर काठीतच राहायची. पुढे पेनापर्यंत यायची नाही. डाळिंबाच्या डोक्यावरचा तो मुकुट असतो ना, त्याची एकेक पाकळी तू वेगळी काढायचास.

“अरे, गोल मार आणि सोड,” मी म्हणायचो. “मशीनला काय करायचाय मुकुट?”

“मला करायचाय,” तू म्हणायचास.

आता माझ्याकडे येतो.

शेडमधली रीत तुला माहीत आहे, वाचणाऱ्यांसाठी सांगतो. बागेतून माल आला की बायका निवडायला बसतात. चांगलं फळ कागदाच्या कातरणावर, क्रेटमध्ये. तेल्या रोगाचे काळपट डाग पडलेलं फळ बाजूला, गोणपाटावर. या दोन जागांची कधीच अदलाबदल होत नाही. डागाचं फळ कुणी चुकून कागदावर ठेवलं, तर निवडणाऱ्या बायकांची मुकादम शेवंताबाई त्याचा हात धरते. “उद्या त्येच कातरण चांगल्या मालाखाली जाईल, कळतंय का?” असं म्हणून कातरण फेकून देते.

ऋतुजाला ही रीत ठाऊक होती, म्हणूनच तिने मला बजावलं होतं. चिठ्ठीवर लिहून दिलं होतं: चांगली फळं आणि डागाची फळं, दोन्ही प्रकार सगळ्या जागी ठेवून फोटो काढा. कागदावर, गोणपाटावर, मातीवर, क्रेटमध्ये, हातात. मी चिठ्ठी जाकिटाच्या खिशात घातली आणि कागदावर चांगली, गोणपाटावर डागाची, असेच फोटो काढत सुटलो. शेवंताबाईशी वाद नको हे एक कारण. खरं कारण दुसरं. गोणपाटावर डागाचं फळ काय उठून दिसायचं, सोपाना! सकाळचं तिरपं ऊन, मागे तागाची वीण. पार्श्वभूमी म्हणजे माझा प्रांत. चाळीस वर्षं फोटो काढलेल्या माणसाला ही पोरगी शिकवणार?

तुझ्या लक्षात आलं होतं. दोन आठवडे रेघा मारल्यावर एकदा तू पेन खाली ठेवलंस.

“बाळू, डागाची सगळी गोणपाटावर हायत रं.”

“मग?”

“मशीन गोणपाट पाठ करील.”

“तू तुझ्या कडा बघ. मागचं मला शिकवू नको. पाट्या रंगवणाऱ्यानं पाट्या रंगवाव्या.”

तू पेन उचललंस आणि पुढचं फळ घेतलंस.

शिकवणी संपल्यावर ऋतुजाने मशीनची परीक्षा घेतली, बाजूला ठेवलेल्या फोटोंवर. सगळी उत्तरं बरोबर! आपण पेढे वाटले. पण ते फोटो माझेच होते, त्याच दोन जागांवर काढलेले. गाइडातलेच प्रश्न पेपरात आले होते.

मग गटाला दाखवायचा दिवस उजाडला. कऱ्हाटीची माणसं होती, इंदापूरकडचे बागायतदार मुद्दाम बघायला आले होते. पट्टा आदल्या संध्याकाळी बसवला होता, जाड विणीचा, तपकिरी. आमच्या गटाचे अध्यक्ष हणमंतराव यांनी स्वतःच्या बागेतली निवडक डाळिंबं त्यावर ठेवली. एकेक फळ लालबुंद, आरशासारखं. मशीनने पहिल्यावर लाल रेघ मारली. खराब. दुसरं, खराब. तिसरं, खराब. सगळी खराब.

मागून कुणी तरी म्हणालं, “अध्यक्षांचा माल वळाखला बरं मशीननं!” आणि शेड हसायला लागलं. हणमंतरावांचा चेहरा बघवत नव्हता. ऋतुजा म्हणाली, “चूक शोधायला दोन-चार दिवस लागतील. फोटोत असेल, रेघांत असेल, आत्ता सांगता येणार नाही.”

“रेघा कुणी मारल्यात?” हणमंतरावांनी विचारलं.

सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं. तुझ्या हातात चहा होता आणि कप बशीत वाजत होता. मला त्या क्षणी गोणपाट आठवलं. लख्ख आठवलं, सोपाना. तपकिरी पट्टा समोर होता, तुझं वाक्य कानात होतं. आणि मी म्हणालो, “हात हलतो त्याचा हल्ली थोडा. वय झालंय.”

तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही. स्टँडवर डोळे उघडल्यावर पाहायचास तसं, पहिलं काय दिसतं ते बघत असल्यासारखं. मग कप खाली ठेवलास, पेनचं टोक सदऱ्याच्या कडेला पुसलंस, ब्रश पुसायचास तसं, आणि ऋतुजाला दिलंस. “पेन जपून ठिव, ताई.” स्कूटर चालू झाल्याचा आवाज आला. मी खुर्चीतून उठलो नाही.

गटाच्या प्रोसिडिंग बुकात हणमंतरावांनी लिहिलं: ‘रेघा सदोष असल्याने यंत्र चुकले. कारण, पेंटर यांचे वय व हात.’ मोठ्याने वाचून दाखवलं. हजर सभासदांच्या सह्या झाल्या. पाचवी सही माझी आहे.

नंतर मी एकदाच जळोचीला आलो. सगळी वाट ठरवत आलो होतो, पायरीवरच सांगायचं. तू ओट्यावर बसला होतास. मी बसलो. आपण कालव्याच्या पाण्याच्या पाळीबद्दल बोललो. गुडघ्यांबद्दल बोललो. मी निघताना तू विचारलंस, “मशीन काय म्हणतंय?”

“बंद हाय.”

“एकदा गोणपाट बघ,” तू म्हणालास. एवढंच. टोमणा नव्हता त्यात. मशीन सुरू व्हावं असं तुला वाटत होतं.

“बघतो,” म्हणालो आणि बघितलं नाही. आठव्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला.

दहाव्यानंतर ऋतुजाने मला शेडमध्ये बोलावलं. तिने एक नवीनच गोष्ट केली होती, आणि आता मला पुन्हा तो पहिल्या दिवसाचा थरार सांगावासा वाटतो. ती म्हणाली, “तात्या, मशीन चुकतं कुठे ते मशीनलाच विचारलं. उत्तर देताना तू चित्रात कुठे बघत होतास, असं.” आणि तिने फोटोवर रंग चढवले. जिथे मशीनची नजर खिळली होती तिथे तांबडा, जिथे ते बघतही नव्हतं तिथे निळा. नजरेचा फोटो, सोपाना! मी जन्मभर माणसांचे डोळे टिपले, पण ते डोळे बघतात कुठे हे टिपणारा कॅमेरा मला कधी मिळाला नव्हता.

डागाच्या फळाचा फोटो होता. मधोमध फळ, गार निळं. आणि भोवतीचं गोणपाट पेटल्यासारखं लाल. चांगल्या फळाचा फोटो, फळ निळं, कागदाचं कातरण लाल. मशीनने डाळिंबाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्याला आम्ही जे शिकवलं तेच ते शिकलं होतं, गोणपाट म्हणजे वाईट आणि कागद म्हणजे चांगलं.

मी जाकिटाच्या खिशातून ती चिठ्ठी काढली आणि तिच्यापुढे ठेवली. घडी उलगडलेलीसुद्धा नव्हती नीट.

तिने चिठ्ठी उलगडली. “आबांना माहीत होतं?”

“व्हय. त्यानं सांगितलं व्हतं मला. दोनदा.”

ती मला एक शब्द वाईट बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तिने तुझ्या रेघा उघडल्या. एकेक मोठी करून बघायला लागली, आणि हळूहळू तिची पाठ ताठ झाली. “तात्या, इकडे या. हे बघा. हा मुकुट बघा! अहो, ही पाकळी बघा, केसाएवढी फट आहे हिच्यात, तीसुद्धा सोडलेली नाही!” तिने त्यातल्या काही फळांभोवती स्वतः रेघा मारल्या होत्या, ताडून बघायला. तिच्या तरण्या हाताच्या रेघा तुझ्यापुढे ओबडधोबड दिसत होत्या.

मग ती उठून उभीच राहिली. “फोटो पुन्हा काढायला नकोत. रेघा इतक्या चोख आहेत, की आपण फळं कापून घेऊ शकतो. अलगद. आणि पाहिजे त्या जागेवर चिकटवू शकतो!”

तुला कळतंय का ती काय म्हणत होती? रेघ जरा जरी बाहेर गेली असती, तर फळासोबत गोणपाटाचा धागा आला असता आणि मशीनने त्या धाग्यावरून पुन्हा कॉपी केली असती. आत गेली असती तर मुकुट तुटला असता. तुझ्या हातची फळं अशी सुटून आली, जशी काही कधी कशावर ठेवलीच नव्हती.

आता जागा पाहिजे होत्या. मी कॅमेरा उचलला आणि पळत सुटलो. या वयात, खरंच पळत. पट्ट्याचे फोटो काढले, मातीचे, शेणाने सारवलेल्या अंगणाचे, दुधाच्या कॅनचे, क्रेटचे, शेवंताबाईच्या लुगड्याचे, भवानीनगरला जाऊन उसाच्या ट्रॉलीचे. आयुष्यात पहिल्यांदा मी नुसत्या पार्श्वभूमीचे फोटो काढत होतो, पुढे कुणीच नाही. बारामतीच्या स्टँडवर एक कंडक्टर माझ्यामागे येऊन उभा राहिला.

“काका, फोटो कुणाचा काढताय? बाकडं तर रिकामं हाय.”

“बाकड्याचाच.”

“तब्येत बरी हाय न्हवं?”

आम्ही तुझी डाळिंबं त्या बाकड्यावर ठेवली, लुगड्यावर ठेवली, उसावर ठेवली. चांगली आणि डागाची, दोन्ही, सगळीकडे. मशीनला पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. आणि ज्या दिवशी ऋतुजाने पुन्हा ते रंग चढवले, त्या दिवशी मी तुझ्या नावाने हाक मारली, मोठ्याने, शेडमध्ये. लाल रंग गोणपाटावरून उठला होता. तो फळावर आला होता, आणि डागाच्या फळांवर तर नेमका डागावर. मशीन डाळिंब बघत होतं!

मी त्याच संध्याकाळी कमलवहिनींकडे गेलो. तुझी काठी त्यांनी माळ्यावरून काढून दाराजवळ ठेवली होती. तू शेडमधून परत आल्यावर ती वर टाकली होतीस आणि पुन्हा मागितली नाहीस, असं त्या म्हणाल्या. मी सगळं सांगितलं. चिठ्ठी, गोणपाट, तू काय म्हणालास, मी काय म्हणालो.

“भावजी, ह्ये मला कशाला सांगताय?” शेवटी त्या म्हणाल्या. “माझ्या घरात तुमी काय बोलला न्हवता. जितं बोलला तितं बोला. मी येते ऐकाय.”

काल त्या आल्या. पहिल्या रांगेत बसल्या. तीच माणसं होती, तोच पट्टा. हणमंतराव म्हणाले, “करा सुरू.”

“थांबा,” मी म्हणालो.

सोपाना, मी लग्नाच्या हजारभर माणसांना ‘इकडं बघा’ म्हणून ओरडलो असेन, पण काल तीस माणसं माझ्याकडे बघत होती आणि हातात कॅमेरा नव्हता. तरी सांगितलं. काही वगळलं नाही. तू दोनदा सांगितलं होतंस, हेही. मला त्या दिवशीच कळलं होतं, हेही.

“मग त्याच दिशी का न्हाय बोलला, तात्या?” हणमंतरावांनी विचारलं.

“भ्यालो. फोटोवर नाव कमावलं व्हतं. सगळ्यांदेखत गेलं असतं.”

“आन् पेंटरबाबाचं गेलं ते?” शेवंताबाई मागून म्हणाली. तिला कुणी गप्प केलं नाही.

मग पट्टा सुरू झाला, आणि मी तुला सांगतो, माणसं हळूहळू पुढे सरकायला लागली. हिरवी रेघ, हिरवी, हिरवी, लाल! लाल रेघेचं फळ उचलून बघितलं, तर देठाजवळ मुगाएवढा डाग. मग काय, सगळ्यांना मशीनला फसवायची हुक्की आली. कुणी टोपी काढून तिच्यात फळ ठेवलं. सापडलं. कुणी लाल टॉवेलवर लाल डाळिंब ठेवलं. सापडलं! शेवंताबाईने डागाचं फळ उचललं आणि, काय सांगू तुला, स्वतःच्या हाताने कागदाच्या कातरणावर ठेवलं. जन्मात पहिल्यांदा. लाल रेघ! “आगं बाई, ह्ये तर माझ्यावानी बघतंय,” ती म्हणाली.

तेव्हा वहिनी उठल्या. क्रेटमधून एक डाळिंब घेतलं, तळहातावर ठेवलं आणि हात कॅमेऱ्याखाली धरला. हात थरथरत होता. मी बघत होतो, सगळेच बघत होते. पडद्यावर बोटं हलत होती, बांगड्या हलत होत्या, फळ डुगडुगत होतं. आणि हिरवी रेघ त्या फळाच्या कडेला चिकटून होती, मुकुटाच्या पाकळीपाकळीवरून, फळ जाईल तिकडे जात होती. बोटाचा एक कण आत घेतला नाही तिने.

वहिनींनी हात मागे घेतला नाही. “अध्यक्ष,” त्या म्हणाल्या, “तुमचं ते बुक काडा.”

हणमंतराव म्हणाले, आधीचा ठराव खोडता येत नाही, खाली नवीन लिहिता येईल. सूचक मी. अनुमोदक कोण, असं विचारल्यावर बऱ्याच जणांनी हात वर केले. मी सांगत गेलो आणि ते लिहीत गेले: फोटोंची मांडणी चुकीची होती. ती चूक बाळकृष्ण फोटोग्राफर यांची. सोपान पेंटर यांनी ती वेळीच दाखवून दिली होती. त्यांच्या रेघा बिनचूक असून यंत्र त्यांच्यावरच चालते. मी सही केली, पहिली.

हणमंतराव वही मिटायला लागले.

“वाचून दावा,” वहिनी म्हणाल्या.

त्यांनी वाचलं. पट्टा चालू होता, त्या घरघरीत अर्धं ऐकू गेलं नाही.

“मोठ्यानं. त्या दिशी मोठ्यानं वाचलं व्हतं म्हणं.”

ऋतुजाने बटण दाबलं. पट्टा थांबला, त्यावरची डाळिंबं जागच्या जागी डोलून स्थिर झाली. हणमंतराव उभे राहिले, डोक्यावरची टोपी नीट केली, आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचायला लागले.